मेटॅलिकांतील चौथी जागा

१९८१ सालीं लॉस एंजेलिस शहरीं लार्स उलरिक व जेम्स हेटफील्ड या दोन तरुणांनीं ‘मेटॅलिका’ हा बँड काढला. इलेक्ट्रिक गिटारचा कर्कश नाद आणि ड्रमचा अतिद्रुत ठेका हें मेटल संगीताचें लक्षण. त्या गदारोळांत खालच्या स्वरांचा आधार देणारी बास गिटार श्रोत्याच्या सहसा ध्यानांतही येत नाहीं. परंतु या बँडचीं भांडणें व धाडसें बास वाजविणाऱ्या चौथ्या गड्याच्या जागेभोंवतींच फिरलीं.

क्लिफ बर्टन या असामान्य वादकानें बँडमध्यें येण्यास अट घातली कीं, बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोकडे हलवावें. पदरीं पैसा नाहीं, एकही तबकडी निघालेली नाहीं. तरी १९८३ च्या आरंभीं मंडळी तिकडे गेली. त्याच वर्षीं एप्रिलांत, पहिल्या तबकडीच्या तोंडावर, मद्यपान व तंटे यांस कंटाळून त्यांनीं गिटारवादक डेव्ह मस्टेन यास न्यूयॉर्कहून बसनें परत धाडलें. त्यानें पुढें ‘मेगाडेथ’ उभा केला.

२७ सप्टेंबर १९८६ रोजीं स्वीडनमध्यें बस उलटून बर्टन वारला. वय अवघें २४. शोकास सवड न देतां कांहीं आठवड्यांतच जेसन न्यूस्टेड याची निवड झाली, आणि कोंडलेल्या दुःखाचा भार या नवख्यावर पडला. त्याची हेटाळणी नित्याची झाली. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्यें तर त्याचें वादन जवळजवळ ऐकूंच येत नाहीं! १९९१ मध्यें बॉब रॉक या निर्मात्याच्या साहाय्यानें गीतें आटोपशीर व सुगम करण्याचा जुगार बँडनें खेळला. जुने चाहते रुसले. पण एकट्या अमेरिकेंत १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

लोकांपुढें धीट असणाऱ्यांस घरांत मात्र तें साधलें नाहीं. न्यूस्टेडला सवडीच्या काळांत ‘एकोब्रेन’ या दुसऱ्या वृंदाबरोबर स्वतःचें काम करावयाचें होतें. हेटफील्डनें साफ नकार दिला. मागणी ती केवढी! शरीरही थकलेलें, जानेवारी २००१ मध्यें, १४ वर्षांनंतर, न्यूस्टेड निघून गेला. या सुमारास महिना ४०,००० डॉलर घेणारा फिल टाउल हा सल्लागार या प्रौढ पुरुषांना एकमेकांशीं बोलावयास शिकवीत होता. हेटफील्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांस गेला. परतल्यावर दुपारीं १२ ते ४ एवढेंच काम करण्याचा त्यानें नियम घातला, आणि उलरिकचा संताप अनावर झाला. हें सारें कॅमेऱ्यासमोर चाललें होतें! तो चित्रपट २००४ मध्यें प्रसिद्ध होऊं देणें, हेंच त्यांचें सर्वांत मोठें धाडस म्हणावें लागेल. दरम्यान रिकाम्या जागीं रॉकनेंच बास वाजविली. मग २००३ मध्यें रॉबर्ट ट्रुहियो यास १० लाख डॉलर आगाऊ देऊन घेण्यांत आलें.

४ एप्रिल २००९ रोजीं क्लीव्हलंड येथें ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नें बँडचा गौरव केला, तेव्हां न्यूस्टेड व ट्रुहियो दोघेही बास वाजवीत उभे होते, बर्टनचा मान स्वीकारण्यास त्याचे वडील आले होते.