शिवेवर थांबलेला माग

शहरातून बदलून आलेला फौजदार, गावाबाहेर सापडलेला मुडदा आणि पारावरच्या पिंपळातल्या मुंजाकडे बोट दाखवणारा गाव. मराठी वाचकाला, आणि आता पडद्यासमोरच्या प्रेक्षकालाही, ही मांडणी चांगली ओळखीची झाली आहे. फौजदार आधी हसतो, मग चक्रावतो आणि शेवटी भुताआडचा माणूस हुडकून काढतो. पोलिसी तपास आणि लोकसमजुती यांची ही सांगड नवी आहे, परदेशी मालिका बघून आपल्याकडे आली आहे, असं सर्रास बोललं जातं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मुलखाचा इतिहास चाळला तर हे म्हणणं टिकत नाही. घोडनदी आणि भीमेच्या काठच्या या कोरडवाहू पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या पुरंदरच्या डोंगरात ही सांगड दोनशे वर्षांपूर्वीच बसली होती, आणि ती बसवणारे लेखक नव्हते, तपास करणारेच होते. एवढ्यावर थांबलं तर तो नुसता अग्रमानाचा वाद होईल. महत्त्वाचं पुढेच आहे. त्या तपासात लोकपरंपरा दोन कामांना लावली गेली होती. एक काम गुन्हा शोधण्याचं, दुसरं माणसाला जन्मानंच गुन्हेगार ठरवण्याचं. आपल्या रहस्यकथेच्या हाती दुसरंच लागलं. पहिलं तसंच धुळीत पडून राहिलं.

पहिल्यापासून सुरुवात करू. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं 1819 साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम तपशिलानं आलं आहे. रात्री गस्त घालायची, कोण आलं कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक माहीत असायची, आणि चोरी झाली की माग काढायचा. हा माग म्हणजे पावलांचा. काळ्या रानातली भेगाळलेली ढेकळं, ओढ्याची वाळू, बैलगाडीच्या चाकोरीतला फुफाटा यांवर उमटलेलं पाऊल वाचत जागल्या शिवेपर्यंत जाई. तिथं तो पावलाचं माप शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी आणि मोकळा होई. मग तो माग दुसऱ्या गावाचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावच्या जागल्यानं ऐपतीप्रमाणे चोरीची भरपाई करायची आणि उरलेली गावानं. यातली खुबी बघण्यासारखी आहे. कुणीही कुणावर नुसता संशय घेऊन भागत नव्हतं. आरोप शिवेपलीकडे ढकलायचा तर पाऊल दाखवावं लागे आणि समोरच्या जागल्याला ते पटावं लागे. दोन गावांच्या जागल्यांमध्ये, बहुधा पहाटेच्या तिरप्या उजेडात, पुराव्याची उलटतपासणीच चाललेली असे. या विद्येला शाळा नव्हती, पोथी नव्हती. बापाकडून लेकाकडे आलेली ती लोकविद्या होती, ओव्या-म्हणींइतकीच.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो रास्तच आहे. ही पद्धत फार गोड करून सांगू नका. भरपाईच्या धाकानं गाव नाडलं जायचं, आणि रामोशी जागल्या नेमायचा तोच मुळी तो चोर म्हणून. चोराला राखणीचा हक्क दिला की चोरी टळते, एवढाच तो व्यवहार. आक्षेपाच्या पहिल्या भागाला खुद्द एल्फिन्स्टनचाच दुजोरा आहे. ही भरपाई अन्यायाची होती, ती पुरती क्वचितच वसूल होई, बहुतेक वेळा काही दंडावर भागे, असं त्यानंही नोंदवलं आहे. पद्धत न्याय्य होती असं मलाही म्हणायचं नाही. दुसऱ्या भागाचं मात्र उलटंच वाचन करायला हवं. राखणदार आणि लुटारू ही एकाच समाजाची दोन नावं केव्हा होतात, तर राखणीचे हक्क काढून घेतले जातात तेव्हा. कंपनी सरकारच्या अमलात पुरंदरच्या आसपासच्या रामोश्यांची वतनं आणि हक्क गेले, आणि भिवडीचा उमाजी नाईक उभा राहिला. सरकारनं त्याला मध्यंतरी माफी देऊन स्वतःच्याच चाकरीत बंदोबस्ताला घेतलं होतं. तो पुन्हा बाहेर पडला, पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फासावर गेला. एकच माणूस एका साली पोलीस, दुसऱ्या साली आरोपी. कुठल्याही कादंबरीकारानं इतकं सरळ कथानक लिहायचं धाडस केलं नसतं.

उमाजीच्या पाठलागावर नेमलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश. त्यानं फाशीच्या पुढच्याच वर्षी, 1833 साली, रामोश्यांची उत्पत्ती, त्यांची स्थिती आणि उमाजीचं चरित्र सांगणारं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापलं. माझ्या म्हणण्याचा कणा हे पुस्तक आहे. त्यात पाठलाग आहे, खबरे आहेत, फितुरी आहे, दरोड्याची रीत आहे, आणि त्याला चिकटूनच जेजुरीच्या खंडोबाचे नवस आहेत, भंडारा उचलून घेतलेली शपथ आहे, शकुन-अपशकुन आहेत, कुळकथा आहेत. तपास करणाऱ्याला लोकसाहित्य हवं होतं, कारण त्याच्या मते गुन्ह्याची किल्ली तिथं होती. ठगांच्या सांकेतिक बोलीवरचं स्लीमनचं प्रसिद्ध पुस्तक 1836 चं. त्याच मसाल्यावर मेडोज टेलरनं रचलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 ची. इंग्रजी गुन्हेकथेच्या इतिहासात टेलरचं नाव आवर्जून येतं. मॅकिन्टॉशचं नाव येत नाही, कारण त्याचं पुस्तक कादंबरी नाही. हा दुसरा आक्षेप. सरकारी वृत्तांताला कथावाङ्मयाचा पूर्वज कसं म्हणायचं? माझं उत्तर असं, की प्रकार ओळखायचा तो छापील शिक्क्यावरून नव्हे, बांधणीवरून. एक हुकमी, जाणता साहेब; त्याला न कळणाऱ्या बोलीचा आणि देवाचा मुलूख; हळूहळू उलगडत जाणारं गुपित; आणि शेवटी पकड. टेलरनं या बांधणीत फक्त आरोपीला बोलतं केलं. बाकी घर आधीच बांधलेलं होतं.

मॅकिन्टॉशच्या पुस्तकात निदान उमाजी हा उमाजी आहे, एक माणूस. त्याच्या धाडसाची दखल घ्यावी लागली याची खूणही त्या पानांवर आहे. पुढच्या पिढ्यांच्या दप्तरात माणूस पुसट होतो आणि जात ठसठशीत होते. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. त्याच सुमारास, 1908 साली, एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानं इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर टिपणांचा ग्रंथ काढला. एकेक जमात घ्यायची. तिचा पेहराव, बोली, देव, शकुन, चोरीची तऱ्हा, माल कुठं लपवतात, सगळं मांडायचं. फौजदाराच्या टेबलावर ठेवायचा तो कोश होता. खंडोबाला नवस बोलणं हे जेजुरीच्या वाटेवरच्या लाखो कुणब्यांचं, धनगरांचं, ब्राह्मणांचंही आचरण. एका विशिष्ट जमातीच्या पानावर आलं की तेच गुन्ह्याचं लक्षण झालं. इथं लोकपरंपरेनं पक्ष बदलला. जागल्याच्या हातात ती प्रश्न विचारत होती की हे पाऊल कुणाचं. ठाण्याच्या दप्तरात ती उत्तर देऊ लागली, आणि उत्तर आधीच ठरलेलं होतं.

हा बदल केवळ साहेबाच्या मनातल्या आकसानं झाला असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. जमीनही बदलत होती. पुण्याहून पूर्वेला जाणारी गाडी 1858 मध्येच दौंडावरून पुढे दिकसाळपर्यंत धावू लागली. 1878 साली दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. पावलाचा माग फलाटापाशी संपतो. रात्रीत शंभर मैल जाणाऱ्या चोराचं माप कुठल्या शिवेवर कुणाच्या हवाली करायचं? गावगाडा पायी चालत होता, गुन्हा गाडीत बसला. 1867 च्या ग्रामपोलीस कायद्यानं पाटील सरकारी यंत्रणेत घट्ट बसवला गेला (पोलीस पाटील आजही आहे), पण शिवेवरच्या त्या देवघेवीतलं गावाचं उत्तरदायित्व विरून गेलं. माग निरुपयोगी होत गेला तसतशी फौजदाराला दुसरी कसली तरी खूण हवी झाली; जमात ही हाताशी असलेली, कष्ट न पडणारी खूण होती. 1879 च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर, रामोश्यांना हाताशी धरून. बंड होतं राज्याविरुद्धचं, पण ठाण्याच्या नजरेला त्यात आधी दिसले ते रामोशी.

याच मुलखातलं आणखी एक प्रकरण इथं आणलं पाहिजे, कारण ते माझ्या विरोधात जाईल असं वाटतं. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांची खतं जाळली गेली आणि दंगा भीमथडी, शिरूर, इंदापुरात पसरला. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख तेव्हा भीमथडीत होता. शिरूरच्या करडे गावानं त्याआधीच सावकारावर बहिष्कार टाकला होता. एकूण 951 जणांना अटक झाली. चौकशी आयोगानं कारणं शोधताना एक आवईही नोंदवली, की खतं काढून घ्यायला वरून सरकारचीच संमती आहे. इथं तर सरकारी चौकशीनं लोकांच्या बोलण्याला पुरावा मानून सहानुभूतीनं वाचलं, मग दप्तराला दोष का द्यायचा? फरक आरोपी कोण यात आहे. कुणबी हा सारा भरणारा, राज्याचा आधार. त्याची आवई ऐकून घेतली गेली, तिच्यामागचं कर्ज मोजलं गेलं आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. रामोश्याचा नवस मात्र नुसता नोंदला गेला, समजून घेतला गेला नाही. लोकांनी साहेबाला कसं वाचलं तेही शिरुरातच दिसतं. छावणीतला कर्नल वॉलेस 1809 मध्ये तिथं वारला, आणि त्याच्या थडग्याला भोवतालची गावं सत्पुरुषाचं ठाणं मानून सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवू लागली. साहेबानं रयतेची गुन्हेगार म्हणून नोंद केली, रयतेनं साहेबाला देव करून टाकलं. हिशेब बरोबरीचा नाही, पण गमतीचा आहे.

मराठी रहस्यकथा वयात आली तेव्हा तिनं गुप्तहेर विलायतेहून आणला. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी रेनॉल्ड्सची रूपांतरं केली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहून झुंजार आणि काळा पहाड घरोघरी पोचवले. वाचनाची गोडी लावल्याबद्दल दोघांचेही उपकार आहेत. पण त्यांच्या नायकांना मोटार, पिस्तूल आणि वेषांतर येतं. ढेकळातलं पाऊल वाचता येत नाही. पुढे गाव आलं ते भयासाठी आलं. मांत्रिक, गुप्तधन, नरबळी, आणि काळ्या घोंगडीतला कुणीतरी जो दिसताक्षणी संशयित. केनेडीच्या कोशाची पानं कथेत उतरली, लेखकांनी तो कोश पाहिलाही नसताना.

यावर शेवटचा आणि सगळ्यांत भक्कम आक्षेप मानवतचा. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात 1972 ते 1974 दरम्यान बायका-मुलींचे खून पडले, गुप्तधन आणि मुंजाची समजूत त्यांच्या मुळाशी निघाली. रमाकांत कुलकर्णी या मुंबईच्या अधिकाऱ्यानं तपास केला. त्यावर अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ 1981 मध्ये आला, 2024 मध्ये मालिका आली. समजुतीतून खून होतात हे खरंच आहे, मग कथेनं ते दाखवू नये का? जरूर दाखवावं. तिथं समजूत हा अमुक माणसांचा हेतू होता, आणि तो सिद्ध करायला साक्षीपुरावे उभे करावे लागले. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही याच वाटेनं जातो, कृत्य गुन्हा ठरवतो, करणाऱ्याची जात विचारत नाही. माणसाचा हेतू आणि जमातीचं लक्षण या दोहोंतलं अंतर राखतो तो लेखक तपास लिहितो. ते पुसतो तो दप्तराची नक्कल करतो. ज्यांना ती नक्कल बाजूला ठेवून मूळ बघायचं आहे त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचावं. तिथं पोलीस दारात येतो तो तपासाच्या शेवटी नव्हे, आधीच.

गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला. 1872 च्या पुरावा कायद्यात खुनाच्या जागी झटापटीनं जमिनीवर उमटलेल्या खुणा संबद्ध पुरावा ठरतात, असं उदाहरण देऊन ठेवलं होतं. त्याची जागा घेणाऱ्या 2023 च्या साक्ष्य अधिनियमातही ते उदाहरण कायम आहे. नवसाचं आणि शकुनाचं उदाहरण दोन्हींत नाही.