स्पोर्ट्स मोटारींचे फ्लिपिंग

मोजक्या संख्येत निघणारी आणि मोठी मागणी असलेली नवी मोटार कंपनीच्या किमतीला मिळवायची, ती फारशी न चालवता थोड्याच दिवसांत चढ्या भावाने विकायची आणि मधला फरक खिशात घालायचा, या व्यवहाराला फ्लिपिंग म्हणतात. घरे व शेअर यांच्या खरेदी-विक्रीतही ही संज्ञा रूढ आहे. चार वर्षे वापरून मोटार विकणारा मालक आणि फ्लिपिंग करणारा यांत फरक आहे. दुसरा खरे तर मोटार विकत नाही, रांगेतला आपला नंबर विकतो. याला आळा घालण्यासाठी कंपन्यांनी योजलेले उपाय चार प्रकारचे आहेत : फेरविक्रीबंदीचा करार, ग्राहकाच्या सवलती काढून घेणे, मालकी काही काळ हातात राखणे आणि पुरवठा वाढवणे. पहिल्या दोहोंचा गाजावाजा अधिक झाला, पण घडलेली प्रकरणे तपासली तर परिणाम शेवटच्या दोहोंचा अधिक दिसतो.

फ्लिपिंगचे मूळ ग्राहकाच्या लोभात शोधण्याआधी किमतीतल्या फरकात शोधावे लागते, आणि तो फरक बहुतेक वेळा कंपनीनेच निर्माण केलेला असतो. बाजारात जितक्या खपतील त्यापेक्षा एक मोटार कमी काढावी, हे धोरण एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाते. फेरारीने ‘एफ५०’ या मोटारी ३४९ काढल्या, तेव्हा त्या आकड्यामागे हाच हिशेब सांगितला गेला. दुर्मीळतेमुळे कंपनीचे नाव मोठे होते आणि तिच्या इतर मोटारींनाही त्या नावाचा लाभ मिळतो. पण दुर्मीळ वस्तूची किंमत बाजारभावाहून कमी ठेवली की तो फरक कोणाच्या तरी पदरात पडणारच. अमेरिकेत कंपनी केवळ किंमत सुचवते, अखेरची किंमत स्वतंत्र विक्रेता ठरवतो. त्यामुळे फरकाचा एक वाटा शोरूममध्येच वरकड रकमेच्या रूपाने कापला जातो. उरलेला वाटा पहिल्या खरेदीदाराच्या हाती जातो.

करारबंदीचे सर्वांत गाजलेले उदाहरण फोर्डच्या ‘जीटी’ या मोटारीचे आहे. पहिल्या ५०० मोटारींसाठी फोर्डकडे ६,५०६ अर्ज आले. कंपनीने अर्जदारांची निवड केली आणि दोन वर्षे मोटार न विकण्याची अट करारात घातली. कुस्तीपटू व अभिनेते जॉन सीना यांनी सुमारे ४ लाख ६३ हजार डॉलरची ही मोटार ताब्यात आल्यावर काही आठवड्यांतच विकली, म्हणून फोर्डने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि तिची रक्कम धर्मादाय कार्याला दिली गेली. येथवर करार उपयोगी पडला असे म्हणता येते. मात्र मे २०१८ मध्ये इंडियानापोलिस येथे मेकम या लिलावसंस्थेच्या लिलावात दुसरी एक ‘जीटी’ विक्रीला आली, तेव्हा विकणारा मूळ खरेदीदार नव्हता. त्याने फोर्डशी कोणताच करार केला नव्हता. फोर्डने न्यायालयाकडे मनाई मागितली, ती मिळाली नाही आणि मोटार सुमारे १८ लाख डॉलरला गेली. पुढे फोर्ड आणि मेकम यांच्यात तडजोड झाली, पण मूळ दुबळेपणा उघड झाला होता. करार माणसाला बांधतो, वस्तूला नाही. मोटार दुसऱ्या हाती गेली की अट मागे राहते, आणि कंपनीला पहिल्या खरेदीदाराकडून भरपाई मागण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

न्यायालयात जाण्याऐवजी ग्राहकाला मिळणारे लाभ काढून घेणे हा दुसरा मार्ग. जनरल मोटर्सने जुलै २०२२ मध्ये आपल्या विक्रेत्यांना कळवले की ‘कॉर्व्हेट झेड०६’ व आणखी काही मागणीच्या मोटारी बारा महिन्यांच्या आत विकल्या तर वॉरंटीचे काही भाग नव्या मालकाला लागू होणार नाहीत आणि विकणाऱ्याला पुढे अशा मोटारींची नोंदणी करता येणार नाही. वर्षभर ‘झेड०६’ जवळ ठेवणाऱ्यांसाठी ५,००० डॉलर मूल्याचे बक्षीस-गुणही जाहीर झाले. ॲस्टन मार्टिनचे तत्कालीन प्रमुख अँडी पामर यांनी २०१७ मध्ये ‘वल्कीरी’ विकून टाकणाऱ्यांना कंपनीची पुन्हा कोणतीही खास मोटार मिळणार नाही, असे जाहीर केले होते. या उपायांचे बळ ग्राहक कोण आहे यावर अवलंबून असते. पुढच्या मोटारीची आस असलेल्या संग्राहकाला यादीतून नाव कटण्याची धास्ती वाटते. एकदाच हात मारून निघून जाणाऱ्याला ती वाटत नाही. वॉरंटी बुडण्याचा तोटाही तो आपल्या हिशेबात धरतो. फरक लाख डॉलरचा असेल तर पाच हजारांचे बक्षीस त्याला थोपवू शकत नाही. शिवाय वॉरंटी गमावण्याची शिक्षा भोगतो तो दुसरा ग्राहक, म्हणजे मोटार खरोखर हवी असलेला माणूस.

तिसरा उपाय अधिक पक्का आहे, कारण तो अट घालत नाही, मालकीच देत नाही. १९९५ मध्ये आलेली ‘एफ५०’ अमेरिकेत सुरुवातीला दोन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली गेली. लेक्ससने एकूण ५०० निघालेल्या आणि अमेरिकेत ३ लाख ७५ हजार डॉलर किंमत असलेल्या ‘एलएफए’साठी तेथे दोन वर्षांच्या भाडेपट्ट्याचा मार्ग धरला. पोर्शने २०२३ मध्ये ‘९११ एस/टी’ या १,९६३ मोटारींबाबत अमेरिकी ग्राहकांना पहिले वर्ष भाडेपट्ट्याचे बंधन घातले. जे आपल्या नावावर नाही ते विकता येत नाही, त्यामुळे लिलावातल्या तिऱ्हाइताचा प्रश्न येथे उद्भवत नाही. या उपायालाही मर्यादा आहे. मुदत संपताच मालकी मिळते आणि तोवर दुर्मीळता कायम असेल तर फरकही कायम राहतो. भाडेपट्टा फ्लिपिंग पुढे ढकलतो. तरी एवढ्याने सट्टेबाजाचा पैसा अडकून पडतो आणि त्या काळात भाव उतरण्याची जोखीम त्याच्याच माथी येते.

फरकावर थेट घाव घालतो तो पुरवठा. पोर्शने २०१६ मध्ये हाताने गिअर बदलण्याची ‘९११ आर’ केवळ ९९१ काढली आणि तिची फेरविक्रीची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी वर गेली. २०१७ मध्ये कंपनीने ‘जीटी३ टुरिंग’ आणली. तिलाही ५०० अश्वशक्तीचे चार लिटरचे इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर होते, पण संख्येची मर्यादा नव्हती. ‘९११ आर’चे चढे भाव त्यानंतर खाली आले. महाराष्ट्राला हा अनुभव वेगळ्या वाहनातून परिचयाचा आहे. परवाना-राजच्या काळात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नंबर लागलेली स्कूटर ‘ऑन’ म्हणजे वरकड रक्कम घेऊन दुसऱ्याला दिली जाई. १९८० च्या दशकात उत्पादन वाढले, कायनेटिक होंडा व हिरो होंडासारखे पर्याय आले आणि ‘ऑन’ची प्रथा ओसरत गेली. तेथे टंचाई सरकारी परवान्यांची होती, येथे कंपनीच्या निवडीची आहे. भावाचे गणित दोन्हीकडे एकच.

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की पैसे मोजून घेतलेली वस्तू विकण्याचा हक्क मालकाचाच असतो. तत्त्व रास्त आहे. म्हणूनच तिऱ्हाइतावर बंदी लादता येत नाही. पण कमी किमतीचा लाभ घेताना स्वतःहून दिलेला शब्द पाळायला लावणे हे त्या हक्काचे हनन नव्हे. दुसरा आक्षेप असा की कंपनीने सरळ बाजारभावानेच मोटार विकावी. त्याने फ्लिपिंग संपेल हे खरे, पण निष्ठावान ग्राहकाला खास मोटार माफक किमतीत देण्याचे आमिषही संपेल. त्या आशेवर तो कंपनीच्या इतर मोटारी घेत असतो, म्हणून कंपन्या फरक जाणूनबुजून ठेवतात. तिसरा आक्षेप, फ्लिपर मोटारीला तिची खरी कदर असलेल्या माणसाकडे पोचवतो. यात नुसती पैशाची कदर मोजली जाते, आणि सट्ट्याने फुगलेला भाव टिकत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘फेरारी एफ४०’चे भाव असेच फुगले. ४०० ऐवजी तेराशेहून अधिक मोटारी निघाल्या, १९९० नंतर बाजार कोसळला आणि चढ्या भावाने घेणारे अडकले.

एकूण निष्कर्ष असा की फ्लिपिंगविरोधी अटींपैकी बहुतेक अटी कंपनीने स्वतः तयार केलेल्या फरकावर पहारा ठेवतात. पहारा पहिल्या हातापर्यंत पोचतो, भाडेपट्टा वर्ष-दोन वर्षांपर्यंत. टंचाई आणि कमी किंमत या दोन्ही गोष्टी कंपनीला एकदम हव्या असतील, तोवर रांगेतला नंबर विकणारा कोणीतरी असणारच.