बिदरीची वेल

हुबळीच्या विद्यानगरात आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक बिदरी पानदान आहे. आजोबा भालकी तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा हे पानदान कोनाड्यात होते. माणसांची कागदपत्रे बदलली, त्याची जागा बदलली नाही. पुढे ते माझ्याबरोबर इकडे आले. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत तांब्यापितळेची भांडी घासता घासता मी तेही चिंच आणि राख लावून घासून काढले. काळेभोर पानदान बघता बघता जस्ताच्या बादलीसारखे राखाडी झाले. सौ. काही बोलली नाही. तीस वर्षे मुलांना बहमनी राजवट शिकवणाऱ्या माणसाला बिदरीचा काळा रंग हा मळ वाटावा, यावर तिने तरी काय बोलावे?

या अपराधातून एक गोष्ट मात्र हाती लागली. काळी पार्श्वभूमी गेल्यावर चांदीची ऐट उतरली आणि केवळ रेषा उरली. झाकणाच्या कडेने एक वेल फिरते. तिचा देठ कुठेही न अडखळता डावीउजवीकडे झुलत जातो आणि प्रत्येक वळणाच्या पोटात एक गिरकी घेऊन फुलात संपतो. परंतु कडीजवळ तीन बोटे रुंदीच्या जागेत तीच वेल एकाएकी अडाणी झालेली दिसली. देठ जाडाबारीक, फांद्या मागाहून चिकटवल्यासारख्या, गिरकीला कोपरे. एका झाकणावर दोन हात होते आणि साठ वर्षांत ते आमच्यापैकी कोणाला दिसले नव्हते.

बिदरीचा उगम सांगताना अब्दुल्ला बिन कैसर या इराणी कारागिराचे नाव घेतात. अहमदशाह वली बहमनीने (कारकीर्द १४२२ ते १४३६) राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली आणि त्याच सुमारास हा कारागीर आला, अशी परंपरा आहे. परंपरा गोड आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. आज जे जुने नमुने संग्रहालयांत दिसतात, ते बहुतेक सतराव्या शतकापासून पुढचे आहेत. इराणी वळणाची पानेफुले दख्खनच्या मातीत रुजली, एवढे मात्र बिदर शहरात डोळ्यांनी दिसते. महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर उरलेल्या रंगीत कौलांवर तीच पाने आहेत. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले जडवून केलेली नक्षी आहे. तो महाल अली बरीदशहाने (१५४२ ते १५८०) सजवला. काळ्यावर पांढरी वेल खुलते, हे या शहराला कळले होते.

१६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर घेतले आणि मोगली फुले दख्खनी वेलींत मिसळली. हुक्क्याच्या भांड्यांवर खसखशीची डौलदार फुले उभी राहिली. ही कला पुढे लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबादपर्यंत गेली, तरी नाव बिदरचेच राहिले.

आता या वेलीच्या जन्माविषयी. बिदरीचा धातू मुख्यतः जस्त. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. जस्त ९०७ अंशांना वाफ होऊन उडून जाते, म्हणून ते खनिजातून काढणे ही जुन्या काळी मोठीच विद्या होती. राजस्थानातील जावर येथे ती शतकानुशतके चालत होती. एरंडेल आणि राळ घातलेल्या मातीच्या साच्यात भांडे ओततात, कानशीने गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि त्यावर कारागीर टोकदार सळईने नक्षी काढतो, कागदाशिवाय, हातानेच. मग कलम, म्हणजे बारीक छिन्नी, आणि हलकी हातोडी. चर असा कोरायचा की त्याच्या भिंती चांदीला धरून ठेवतील. तारेचे काम ती तारकशी. पत्र्याचे पान बसवायचे ते तहनिशान. चांदी ठोकून बसली की सगळे पुन्हा घासून सपाट करतात, आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात भांडे बुडवतात. जस्त काळे पडते, चांदी पांढरीच राहते. ही माती ऊनपाऊस न लागलेल्या जुन्या बांधकामातली लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात.

पानदान घेऊन मी बिदरला गेलो. एका वयस्क कारागिराने झाकण उजेडात धरले आणि पहिल्याच नजरेत कडीजवळच्या त्या तीन बोटांवर अंगठा ठेवला. कधीतरी ठेच लागून चांदी निघाली असावी आणि कोणी घाईने भरली असावी, असे त्याचे म्हणणे. वेल बिघडते ती कुठे, हे त्याने जस्ताच्या एका तुकड्यावर दाखवले. नवखा मुलगा आधी फुले काढतो आणि मग देठाने ती जोडू पाहतो. जाणता आधी देठ काढतो, तोही सबंध, एका दमात. फांदी देठातून फुटताना काही अंतर त्याच्याच दिशेने चालते आणि मग वळते. काटकोनात निघाली की ती काडी होते. गिरकी आत जाताना आवळत जाते, पण तिचा वेग तुटत नाही. आणि वळणावर हात फिरवायचा नाही, भांडे फिरवायचे. छिन्नीचा कल बदलला की चर उथळ होतो आणि तिथली चांदी पुढच्या पिढीत निघते. माझ्या झाकणावर नेमके तेच झाले होते. वाईट दिसणारी वेल कच्चीही असते, हे मला नवे होते. आम्ही शाळेत सौंदर्य आणि मजबुती हे दोन वेगळे तास ठेवतो.

परत आल्यावर मी उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिरात गेलो. विद्यानगरहून ते जवळ, चालुक्य काळातले, आणि म्हणूनच कदाचित आम्ही तिथे पाहुणे आल्यावरच जातो. द्वारशाखेवरच्या वेलीतून बोट फिरवले. फांदी इथेही देठाबरोबर थोडी चालून मगच वळते. फरक इतकाच की दगडाचा शिल्पी वेलीभोवतीचे काढून टाकतो आणि बिदरीवाला वेल खणून भोवतीचे ठेवतो. दोघांमध्ये धर्म, भाषा आणि काही शतके, पण देठाचा कायदा एकच.

बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आनंद आहे. परंतु बाजारात पेनस्टँड आणि कानातली यांवर जी वेल पाहतो, तिच्यात तीच काडी जास्त दिसते. छापा ठेवून रेघ उमटवली की देठ काढण्याचा दम लागत नाही, आणि एका दमाच्या रेघेला लागणारा वेळ गिऱ्हाइकाच्या भावात बसत नाही. भाव आपणच पाडतो.

पानदान आता पुन्हा काळे आहे. कडीजवळची वेल नव्याने कोरून देता का, असे मी विचारले होते. करता येईल, पण जुनी चांदी उपटताना शेजारचा चांगला देठ सैल होईल, असे म्हणून त्याने ते काम नाकारले आणि फक्त रंगाचे पैसे घेतले. दिवाळीत सौ. ते खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसते, आणि चिंच त्या दिवशी फडताळात ठेवून कुलूप लावते.