ओंबील : कामकऱ्यांमधील श्रमविभागणी

आंबा, फणस, काजू यांच्या झाडांवर जिवंत पाने शिवून घरटे करणारी तांबूस मुंगी. शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅरॅग्डिना. कोकणात ओंबील, गोव्यात हुमले. भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळते. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि कामकरी मुंग्यांची संख्या लाखांत जाते. राणी बहुधा एकच. ती अंडी घालते, हुकूम सोडत नाही.

कामकरी सगळ्या माद्याच, पण दोन मापांच्या. थोरल्या सुमारे 8 ते 10 मिमी. लांब, धाकट्या त्यांच्या साधारण निम्म्या. मधल्या मापाच्या फार थोड्या. शिकार, राखण आणि बांधकाम ही थोरल्यांची कामे. धाकट्या सहसा घरट्यातच राहून अंडी व लहान अळ्या सांभाळतात, शिवाय गोड रस देणाऱ्या खवले किडींची निगा राखतात.

घरटे बांधताना ही विभागणी डोळ्यांना दिसते. थोरल्या ओळीने पानाच्या कडेवर उभ्या राहून शेजारचे पान जबड्यांनी ओढतात. अंतर जास्त असेल तर एक दुसरीची कंबर धरते, दुसरीची तिसरी, आणि अशा साखळ्या मिळून पाने जवळ आणतात. मग काही जणी जुन्या घरट्यातून वाढीच्या शेवटच्या टप्प्यातील अळ्या आणतात. जबड्यात अलगद धरलेली अळी आधी एका पानाच्या कडेला, मग दुसऱ्याच्या कडेला टेकवली जाते. तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने सांधा पक्का होतो. एरवी हे रेशीम अळीने स्वतःच्या कोशासाठी वापरले असते. ओंबिलीत ते सगळे घरट्यावर खर्ची पडते आणि पुढची अवस्था कोशाविना उघडीच वाढते. अळ्यांनाही कामाला लावणारे मुंग्यांचे वंश मोजकेच आहेत.

मापाइतकेच वयही काम ठरवते. तरुण थोरल्या आतल्या कामांत असतात, वयस्क बाहेर पडतात. वसाहतीच्या हद्दीवरची घरटी म्हणजे जवळजवळ चौक्याच. त्यांत मुख्यतः वयस्क थोरल्या राहतात, असे बर्ट होल्डोब्लर यांनी ऑस्ट्रेलियातील अभ्यासावरून 1983 मध्ये मांडले. परकी मुंगी शिरली की पहिली गाठ यांच्याशीच. हिशेब कठोर, पण चोख: ज्यांचे थोडेच आयुष्य उरले, त्या गेल्याने वसाहतीचे नुकसान सर्वांत कमी.

ओंबील डंख मारत नाही; चावा घेऊन जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारते, हे आंबे उतरवणाऱ्यांना सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील काजूबागांत तिने ढेकण्या किडीला आळा घातल्याचे प्रयोगांत दिसले आहे. उलट पिठ्या ढेकूण व खवले कीड तिच्या आसऱ्याने वाढतात. तेव्हा बागायतदाराने सरसकट घरटी जाळण्याआधी आपल्या झाडावर यांपैकी कोणती कीड आहे, ते पाहावे.