माहितीची बस : विवेक रणदिवे, टिबको आणि डॅशबोर्डला जोडलेली वायर

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, आधीच सांगून टाकतो. कंपनीचा डॅशबोर्ड आणि कंपनीतली बाकीची दहा सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडण्याचा इतिहास. पण तुमच्यापैकी जे कोणी एमआयएसमध्ये आहेत, रोज सकाळी एका सिस्टीममधून सीएसव्ही उतरवून दुसऱ्या शीटमध्ये व्हीलुकअप मारतात आणि अकराच्या आत साहेबांना मेल टाकतात, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. हा त्यांच्याच कामाचा इतिहास आहे.

चला, १९८० च्या दशकातल्या न्यू यॉर्कमध्ये जाऊ. शेअर आणि बाँडचे सौदे करणाऱ्या ट्रेडरचं टेबल डोळ्यांसमोर आणा. रॉयटर्सचा स्क्रीन वेगळा, टेलरेटचा वेगळा, क्वोट्रॉनचा वेगळा. प्रत्येकाची वायर स्वतंत्र, कीबोर्ड स्वतंत्र. एका स्क्रीनवरचा भाव दुसऱ्या स्क्रीनला कळत नाही. मग दोन्हींना जोडणारं यंत्र कुठलं? तर ट्रेडर. तो खुर्ची फिरवतो, आकडा वाचतो, दुसरीकडे टाइप करतो. आयटीवाल्यांनी याला नंतर नावच ठेवलं, ‘स्विव्हल चेअर इंटिग्रेशन’. फिरत्या खुर्चीची जोडणी. हसू येतं, पण आपल्याकडे अजून कितीतरी ऑफिसं त्याच खुर्चीवर चालतात.

आता यात आपला माणूस येतो. विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, १९५७ चा. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा वय शाळकरी म्हणावं इतकं, आणि काळ असा की परकीय चलनाचा एक एक डॉलर सरकारकडे मागावा लागायचा. हा मुलगा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या ऑफिसबाहेर ठाण मांडून बसला आणि परवानगी घेऊनच उठला. खिशात पन्नास डॉलर घेऊन तो बोस्टनला पोचला असं सांगतात. ही गोष्ट फार वेळा सांगितली जाते, म्हणून मी ती इथेच सोडतो. मला पुढचा भाग जास्त आवडतो.

एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला ‘बस’ माहीत असते. एसटीची नव्हे. कम्प्युटरच्या आत एक सामायिक रस्ता असतो, कुठलंही कार्ड त्यावर खोचलं की ते बाकीच्यांशी बोलू लागतं. रणदिव्यांचा प्रश्न साधा होता : हार्डवेअरला अशी बस आहे, तर सॉफ्टवेअरला का नाही? १९८५ मध्ये त्यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स सुरू केली, आणि तिथे जे बनलं त्याचं नाव ‘द इन्फर्मेशन बस’. माहितीची बस. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत गोल्डमन सॅक्स होती.

ही बस चालते कशी? दादर स्टेशनवर उभे राहा. ‘फलाट क्रमांक तीनवर येणारी गाडी...’ अशी घोषणा होते. घोषणा करणाऱ्याला ठाऊक नसतं की तीन नंबरवर कोण उभं आहे. ज्याला ती गाडी हवी तो कान टवकारतो, बाकीचे वडापाव खात राहतात. उद्या शंभर प्रवासी वाढले तरी घोषणेत काही बदलावं लागत नाही. तंत्राच्या भाषेत याला ‘पब्लिश-सबस्क्राइब’ म्हणतात. पाठवणारा विषयाचं नाव लावून माहिती बसवर सोडतो, ज्याला त्या विषयात रस आहे तो ऐकतो. दोघांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नाही.

१९९३ मध्ये डेल स्कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. इंग्रजीची सवय असेल तर वाचाच, अजून ताजा आहे. त्यात एक उदाहरण ट्रेडिंग फ्लोअरचं आहे. बातम्या बसवर येतात, ट्रेडरचा मॉनिटर त्या दाखवतो. शेजारी आणखी एक भिडू आहे, त्याचं काम इतकंच की बसवर जे जे येईल ते उचलायचं आणि डेटाबेसच्या तक्त्यांत रचून ठेवायचं. मग एक दिवस बातम्यांतले महत्त्वाचे शब्द शोधणारा नवा प्रोग्रॅम येतो, चालू सिस्टीम बंद न करता बसवर चढतो आणि कामाला लागतो. जुन्या प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही.

तो डेटाबेसवाला भिडू लक्षात ठेवा. कारण वाहत्या माहितीची आणि विश्लेषणाची प्रकृतीच वेगळी. बसवरची माहिती म्हणजे स्टेशनची घोषणा, हुकली की गेली. विश्लेषणाला कालचं, गेल्या महिन्याचं, गेल्या दिवाळीचं सगळं एका जागी लागतं. या दोघांच्या मध्ये कोणीतरी बसून लिहून ठेवल्याशिवाय डॅशबोर्ड होत नाही.

आता दुसरा धागा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत स्वीडनचा एक तरुण आला, क्रिस्टोफर आल्बर्ग. दोघांनी ‘फिल्मफाइंडर’ नावाचा प्रोग्रॅम केला. स्क्रीनवर शेकडो ठिपके, प्रत्येक ठिपका एक सिनेमा. आडवं वर्ष, उभी लोकप्रियता, रंगावरून प्रकार. बाजूला सरकपट्ट्या. सिनेमाची लांबी कमी करा, ठिपके तत्क्षणी गळतात. प्रश्न टाइप करायचा नाही, ‘सर्च’ दाबून वाट बघायची नाही. आज फ्लाइटचं तिकीट शोधताना तुम्ही किमतीची पट्टी अंगठ्यानं सरकवता ना, तीच भावकी. आल्बर्गनी १९९६ मध्ये यातून स्पॉटफायर कंपनी काढली. आधी औषध कंपन्यांतले संशोधक ते वापरू लागले, हजारो रसायनांतून कामाची चार शोधायला.

इकडे रॉयटर्सनं १९९४ मध्ये टेक्नेक्रॉन विकत घेतली होती. १९९७ मध्ये त्यातूनच टिबको उभी राहिली, ‘द इन्फर्मेशन बस कंपनी’चं आखूड नाव. १९९९ मध्ये ती शेअर बाजारात आली. आणि २००७ मध्ये टिबकोनं १९.५ कोटी डॉलरला स्पॉटफायर घेतली. त्या वर्षी लाटच होती. ओरॅकलनं हायपेरियन घेतली, एसएपीनं बिझनेस ऑब्जेक्ट्सचा आणि आयबीएमनं कॉग्नॉसचा सौदा जाहीर केला. पण ते सौदे बहुतेक डेटाबेस आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे. जोडणी विकणाऱ्यानं डोळे विकत घेतले, ही टिबकोची गोष्ट वेगळी.

याच काळात रणदिवे मुलीच्या बास्केटबॉल टीमला कोचिंग करत होते, स्वतः कधी न खेळता. माल्कम ग्लॅडवेलनं २००९ मध्ये न्यू यॉर्करमध्ये त्यावर गाजलेला लेख लिहिला. मुली पूर्ण कोर्टभर, पूर्ण वेळ समोरच्यावर दबाव ठेवायच्या. थांबायचंच नाही. सॉफ्टवेअरबद्दलही त्यांचं म्हणणं तेच. बाकी जग रात्री एकदा हिशेब घालतं, आपण क्षणाक्षणाला घालू. २०११ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की थोडीशी योग्य माहिती दोन सेकंद आधी मिळाली, तर ती नंतरच्या ढीगभर माहितीपेक्षा भारी.

मला हे निम्मंच पटतं. का ते सांगतो.

मी दोन वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत एमआयएसला होतो. नाव नको. आमच्याकडे एक ताई गोडाऊनची शीट रोज हातानं डॅशबोर्डच्या फाइलमध्ये चढवायच्या. मग कंपनीनं जोडणीचं सॉफ्टवेअर घेतलं, शीट आपोआप चढू लागली, ताईंना दुसऱ्या विभागात पाठवलं. डॅशबोर्ड एकदम हिरवागार. दीड महिन्यानं ड्रायव्हर मंडळी गेटवर जमली, हॉल्टिंगचे पैसे कापले गेले म्हणून. झालं असं की एक गोडाऊन गाडी गेटबाहेर पडली की ‘डिलिव्हर्ड’ टाकायचं, बाकीचे गिऱ्हाइकाची सही आल्यावर. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या दारात गाडी आठ तास उभी राहिली तरी सिस्टीमच्या लेखी ट्रिप कधीच संपलेली. ताईंना हे माहीत होतं. त्या रोज फोन करून ती वेळ दुरुस्त करायच्या. त्यांच्या कामाच्या वर्णनात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून वायर टाकणाऱ्याला ते दिसलंच नाही.

पुढे सहीच्या वेळेचा वेगळा कॉलम आला, पैसे मिळाले. पण त्यासाठी ताईंना परत बोलवून तासभर समोर बसवावं लागलं. दोन सेकंद आधी मिळालेला चुकीचा ‘डिलिव्हर्ड’ हा दोन सेकंद आधी चुकीचाच असतो. १९९३ च्या त्या निबंधात एक तत्त्व आहे : बसवरच्या प्रत्येक वस्तूनं आपण काय आहोत हे स्वतः सांगावं. यंत्राला कळेल इतपत ते साधतं. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे कोणाच्या दृष्टीनं, हे मात्र अजून माणसांनाच आपसात ठरवावं लागतं, आणि त्या खोलीत ड्रायव्हर सहसा नसतो.

टिबकोत तरी लग्न लगेच जमलं का? नाही. दुकान एक, पण प्रवाह आणि चित्र वेगळेच राहिले. २०१३ मध्ये टिबकोनं वाहत्या माहितीवर हिशेब करणारी स्ट्रीमबेस घेतली. आणि हलता डेटा स्पॉटफायरच्या थेट आत बसला तो २०१८ च्या आवृत्तीत. अकरा वर्षं! तोवर बाहेर जग बदललं होतं. २०११ मध्ये सुरू झालेल्या झॅपियरनं ही जोडाजोडी छोट्या दुकानदाराच्या हातात दिली. ‘फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ टाक’, इतकं सोपं.

टिबको स्वतः २०१४ मध्ये ४.३ अब्ज डॉलरला व्हिस्टा या गुंतवणूक कंपनीकडे गेली. २०२२ मध्ये तिची सिट्रिक्सशी मोट बांधून क्लाउड सॉफ्टवेअर ग्रुप झाला. आता त्या ग्रुपमध्ये टिबको एक विभाग आहे आणि स्पॉटफायर दुसरा. २००७ मध्ये एका छपराखाली आलेले दोघं पुन्हा वेगळ्या चुलीवर, आणि मधली वायर चालू.