एक कंपनी, दोन संघटना: एअर इंडियाच्या वैमानिकांचा गृहकलह

२०११ साली एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले, २०१२ साली पुन्हा गेले. वरवर पाहता व्यवस्थापनाविरुद्धचा एकच लढा. प्रत्यक्षात दोन्ही वेळचे संपकरी वेगळे होते आणि त्यांच्या मागण्या परस्परांना छेद देणाऱ्या होत्या.

या कलहाचे मूळ १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणे एअर इंडियाकडे गेली, देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे. एकीचे मुख्यालय मुंबईत, दुसरीचे दिल्लीत. वेतनकरार, बढतीचे नियम, सेवाज्येष्ठतेच्या याद्या, सारेच निराळे. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना ‘इंडियन पायलट्स गिल्ड’. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’.

२००७ मध्ये सरकारने दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण केले. वैमानिकांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न एकच होता: सेवाज्येष्ठतेच्या यादीत कोण कोणाच्या वर? सहवैमानिक कमांडर केव्हा होणार, मोठे विमान कोणाला मिळणार आणि त्याबरोबर येणारे वेतन किती, हे त्यावर ठरते. लग्न आधी लावून याद्या मागाहून करण्यासारखाच हा प्रकार.

एप्रिल २०११ च्या अखेरीस असोसिएशनने समान वेतनासाठी संप पुकारला. दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश असूनही तो सुमारे दहा दिवस चालला. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, काहींना बडतर्फ केले गेले; तडजोडीनंतर दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. वेतन व बढतीचा गुंता न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे सोपवला गेला. तिचा अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांहून अधिक काळाने!

तोवर नवी ठिणगी पडली होती. जुन्या एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वी २७ ड्रीमलायनर विमाने मागवली होती. त्यांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार, हे गिल्डला मान्य नव्हते. आमच्या सहवैमानिकांची बढती आधीच रखडली आहे, त्यात वाटेकरी कशाला, असा तिचा युक्तिवाद. कंपनी एक झाली तर विमानेही सर्वांची, हा असोसिएशनचा प्रतिवाद. खरे तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपणाची रजा टाकली. शंभराहून अधिक जण बडतर्फ झाले, गिल्डची मान्यता गेली, अनेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द झाली. ५८ दिवसांनी, ३ जुलैला, दिल्ली उच्च न्यायालयात कामावर परतण्याची हमी देऊन संप मिटला. प्रशिक्षणाची विभागणी मात्र टळली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे परतली. एप्रिल २०२३ मध्ये नवे वेतनकरार वैमानिकांपुढे ठेवले गेले, तेव्हा त्यांवर सह्या करू नका, असे आवाहन गिल्ड आणि असोसिएशन या दोघींनी आपापल्या सदस्यांना केले. रतन टाटांकडे गेलेल्या निवेदनावर दीड हजारांहून अधिक वैमानिकांच्या सह्या होत्या, दोन्ही बाजूंच्या.