भात्याचं घराणं

एका काचेवर एकच फोटो घेणारा लाकडी कॅमेरा हाती आला, की संग्राहक आधी लेन्सवरचं नाव वाचतात. जर्मन की विलायती, यावर भाव ठरतो. माझ्या मते या कॅमेऱ्याचं कूळ लेन्सवरून कळत नाही. लेन्स काढून दुसरी बसवता येते. कॅमेरा ज्याच्यामुळे उभा राहिला आणि देशोदेशी हिंडला, तो त्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि काच यांच्यामधली घड्यांची पिशवी.

1839 साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या कॅमेऱ्याला भाता नव्हता. एकात एक सरकणारी दोन लाकडी खोकी, एवढाच तो कॅमेरा. चित्र स्पष्ट दिसेपर्यंत आतलं खोकं मागेपुढे करायचं. फोटो मोठा हवा तर खोकंही तेवढंच मोठं, आणि ते वाहायला गडी लागे. 1856 साली फ्रान्सिस फाउक या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने भात्याच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी किनियर या स्कॉटिश वास्तुविशारदाने भाता पुढे निमुळता केला. त्यामुळे घड्या एकमेकींवर न चढता एकीच्या पोटात दुसरी बसू लागली, आणि हातभर लांबीचा भाता दोन बोटांत मिटला. सगळा कॅमेरा मिटवून पाठीवर टाकता येऊ लागला.

आपल्या मुलखात फोटोग्राफी त्याच्या आधीच पोचली होती. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या फळीतले देशी फोटोग्राफर. 1855 साली मुंबई सरकारने तोफखान्यातल्या कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळेकडच्या इमारतींचे फोटो काढायला पाठवलं. नंतर ते काम डॉ. पिगू यांच्याकडे गेलं. बिग्ज निघाले तोवर आर्चरची ओल्या काचेची पद्धत निघून चार वर्षं झाली होती. पण ती काच ओली असेतोवर फोटो घेऊन लगेच धुवावी लागे, म्हणजे तंबूतच काळोखी खोली थाटायची. बिग्ज यांनी कागदाची निगेटिव्ह वापरली. दख्खनच्या उन्हातल्या भटकंतीला तोच मार्ग सोयीचा होता.

आमच्या बेळगावचं नाव पुरातत्त्वाच्या कागदपत्रांत ठळक आलं ते 1874 मध्ये. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला हंगाम जानेवारी ते मे या महिन्यांत बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांतच केला. किल्ल्यातली जैन मंदिरं त्या अहवालात आहेत. ओल्या काचेची कटकटही लवकरच संपली: मॅडॉक्स यांनी 1871 मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच पुढच्या दशकात बाजारात रुळली. घरून तयार काचा घेऊन निघायचं आणि परतल्यावर सावकाश धुवायच्या, हे तेव्हा शक्य झालं. 1888 साली कोडॅकने एका रिळावर शंभर फोटो देऊ केले आणि हौशी मंडळी तिकडे वळली.

स्टुडिओवाले मात्र काचेला धरून राहिले. साडेसहा बाय पावणेपाच इंचांच्या हाफ प्लेटवर चेहरा एवढा मोठा येतो, की पेन्सिलीने डोळ्यांखालच्या रेघा सारख्या करता येतात. शाळेच्या ग्रुप फोटोत शेवटच्या बाकावरचा पोरगाही ओळखू येतो.

या घराण्याची भारतीय शाखा केरळात अलप्पुळा इथे निघाली. कुंजू कुंजू भागवतर हे तिथले वाद्यं बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. गावातल्या एका स्टुडिओवाल्याच्या विदेशी कॅमेऱ्याचा भाता फाटला, तो त्यांच्याकडे आला. त्यांचे चिरंजीव के. करुणाकरन यांनी तो कॅमेरा नीट पाहिला आणि पुढे स्वतःच बनवायला घेतला. स्वातंत्र्याच्या तोंडावर त्यांचा 'वागीश्वरी' बाजारात आला. सागवानी लाकूड, पितळी जोडकाम, लेन्स आयात केलेली, किंमत सुमारे अडीचशे रुपये. 1980 च्या दशकापर्यंत तो देशभरच्या स्टुडिओंत उभा होता. वाद्याच्या कारागिराला हे जमलं, याचं मला नवल वाटत नाही. पेटीच्या भात्यातून वारा निसटायला नको, कॅमेऱ्याच्या भात्यात उजेड शिरायला नको. दोन्हीकडे पुठ्ठा, कापड, चामडं आणि सरस. दोन्हीकडे घडीच्या कोपऱ्यावरच कस लागतो.

म्हणूनच माझ्या हाफ प्लेट कॅमेऱ्याचा भाता गेला, तेव्हा मी हिंडलग्याहून बेळगावात पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या या शहरात पेटीची जाण असलेली माणसं आहेत. त्या कारागिरांनी खोलीत अंधार केला आणि भात्यात बल्ब सोडला. चार कोपऱ्यांवर टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले. "बाकी कापड चांगलं आहे, फक्त कोपरे विरलेत," म्हणाले. चामडं तासून कागदाइतकं पातळ केलं, कडा आणखी उतरवल्या, सरस लावून आतून ठिगळं दिली. ठिगळ जाड झालं तर भाता पुरता मिटत नाही आणि पुढची पाटी ताणली जाते, हे मी सांगण्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

काचा आता सहजी मिळत नाहीत. मी होल्डरमध्ये ब्रोमाइड कागद कापून घालतो. त्याची संवेदनशीलता फारच कमी, पण या कॅमेऱ्याला ते मानवतं: शटर नाही, लेन्सचं टोपण काढायचं, मनात मोजायचं, परत लावायचं. भर उन्हात छिद्र बारीक ठेवलं तरी सेकंदभरात काम होतं, अंगणातल्या सावलीला चार-पाच सेकंद लागतात. कागदाला तांबडा रंग दिसत नाही, निळाच जास्त दिसतो, त्यामुळे शेजारच्या आजोबांचा लाल पटका फोटोत काळा कुळकुळीत आला आणि आभाळ कोरं पांढरं. त्यांना खुर्चीत बसवून दुधी काचेवर उलटा चेहरा नीट करेपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळात माणूस फोटोसाठीचं हसणं विसरतो आणि स्वतःसारखा दिसू लागतो. बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर असा कॅमेरा सापडला आणि लेन्स आधीच कुणी काढून नेलेली असली, तरी तो सोडू नये. भाता हळूच उघडावा, घड्यांचे कोपरे बोटाने चाचपावेत आणि दुरुस्तीला पेटीवाल्याकडेच न्यावा.